कललेली फिगर सरळ करताना

पीव्हीसी या प्लास्टिकची फिगर, म्हणजे अ‍ॅनिमे किंवा गेममधल्या पात्राची संग्रहासाठी घेतलेली छोटी मूर्ती, एका रात्रीत कलत नाही. ती दिवसेंदिवस थोडी थोडी झुकत असते, आणि रोज नजरेसमोर असल्यामुळेच तिचे झुकणे आपल्या लक्षात येत नाही. मग एखाद्या दिवशी जुना फोटो हाती लागतो आणि ताठ उभी असलेली आकृती आता चेहरा पुढे काढून खाली पाहते आहे, हे ध्यानात येते. अशी फिगर बहुतेक वेळा घरच्या घरी सरळ करता येते. मात्र ती का कलली हे समजून न घेता केलेली दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही टिकत नाही.

पीव्हीसी मुळात कडक असते. साच्यात बारीक नक्षी उमटावी आणि तुकडे लवचीक राहावेत म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर मिसळतात. अशा मऊ प्लास्टिकवर लहानसा का होईना, पण सतत भार राहिला, की त्यातले लांब रेणू एकमेकांवरून हळूहळू सरकू लागतात आणि भार काढल्यावरही पूर्वीच्या जागी परतत नाहीत. उष्णता वाढली की हे सरकणे वेग घेते. म्हणजे भार आणि उष्णता या दोघांच्या संगनमताने हे घडते. १/७ प्रमाणातली, साधारण २२-२३ सेंटिमीटर उंचीची आकृती एका पायावर उभी असेल, तर तिचे सारे वजन करंगळीपेक्षाही बारीक घोट्यावर येते. हात्सुने मिकू या जपानी आभासी गायिकेच्या फिगरमध्ये दोन बाजूंना बांधलेल्या लांबलचक केसांचे वजन कुठे पडते हे पाहिले, तर कोणत्या बाजूला आधाराची गरज लागेल हे खरेदीच्या दिवशीच सांगता येते.

पाण्याचे भांडे गॅसवर ठेवण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते तपासावे. फळीवर एक गोटी ठेवून पाहावी. ती घरंगळली, तर फळीच तिरकी आहे. बैठक सपाट टेबलावर ठेवून चारही कडा बोटाने दाबाव्यात, कारण पुष्कळदा पाय सरळ असतो आणि बैठकीलाच बाक आलेला असतो. पायातली खुंटी बैठकीच्या भोकात पुरती बसली आहे ना, हेही पाहावे. त्यानंतर गवंडी ओळंबा लावतो तसा दोऱ्याला एक नट बांधून तो फिगरच्या समोर आणि मग बाजूने टांगावा आणि दोन्हीकडून फोटो काढावेत. घोट्यात, गुडघ्यात की कमरेत, नेमक्या कोणत्या जागी रेषा मोडते हे या दोऱ्यामुळे स्पष्ट दिसते. गरम करायची ती तेवढीच जागा.

उकळते पाणी मात्र वापरू नये. पहिल्या वेळी मी ते वापरले आणि मऊ झालेला घोटा घाईने दाबला. त्या फिगरच्या बुटाच्या पट्ट्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा आजही आहे. उकळलेले पाणी आणि नळाचे साधे पाणी सारख्या प्रमाणात मिसळले, की मिश्रण ६०-६५ अंशांच्या आसपास येते आणि सुरुवातीला तेवढे पुरते. शेजारी दुसऱ्या भांड्यात बर्फाचे पाणी तयार ठेवावे. फिगर बैठकीवरून अलगद काढावी, हातात रबरी मोजे घालावेत आणि वाकलेला भाग सुमारे एक मिनिट गरम पाण्यात धरावा. बोटाच्या हलक्या दाबाने तो हलू लागला, तरच पुढे जावे. नाही तर पाणी थोडे अधिक गरम करून पुन्हा बुडवावे, पण जोर वाढवू नये. रंगवलेल्या पृष्ठभागावर नख लागू देऊ नये. शक्यतो घोट्याच्या वर आणि पावलाखाली, म्हणजे जिथे बारीक रंगकाम नसते तिथे धरावे. भाग उभ्या रेषेच्या किंचित पलीकडे, कललेल्या दिशेच्या उलट वाकवावा, कारण सोडल्यावर तो थोडा मागे येतोच. मग त्याच स्थितीत धरून तो बर्फाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवावा. एका खेपेत पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन खेपांत केलेले काम अधिक नेटके होते. पोकळ भागात शिरलेले पाणी निथळू द्यावे आणि फिगर दिवसभर आडवी ठेवून मगच बैठकीवर चढवावी.

तलवार, रिबीन किंवा केसांची बट खोक्यात दबून वाकली असेल, तर काम आणखी सोपे आहे. साच्यात मिळालेला आकार पीव्हीसी बऱ्याच अंशी लक्षात ठेवते, त्यामुळे असा पातळ भाग नुसता गरम पाण्यात सोडला तरी पुष्कळदा आपला आपण पूर्वपदावर येतो. आपण फक्त तो थंड पाण्यात घालून पक्का करायचा.

हा उपाय सगळ्याच वस्तूंना लागू नाही. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे कडक तुकडे या तापमानाला मऊ होत नाहीत आणि जोर केल्यास तुटतात. पॉलिस्टोनच्या, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेल्या रेझिनच्या मूर्ती तर मुळीच वाकवू नयेत. आत दिवे, चुंबक किंवा कापड असेल, तर पाण्याऐवजी हेअर ड्रायर कमी आचेवर, वीतभर अंतरावरून सतत हलवत वापरावा.

आता पुन्हा कलू नये यासाठी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले काचेचे बंद कपाट खोलीपेक्षाही तापते. अशा कपाटात हॅलोजनचा दिवा असेल तर तो आजच काढावा. एलईडी पट्टी लावायची तर तिचा अडॅप्टर कपाटाबाहेर ठेवावा. थेट ऊन रंगही पिवळसर करते. उन्हाळ्यात घर बंद करून गावी जाताना एका पायावर उभ्या असलेल्या फिगर बैठकीवरून काढून त्यांच्या खोक्यात आडव्या ठेवाव्यात, पण पातळ भाग प्लास्टिकच्या साच्यात दबणार नाहीत हे पाहावे. खोक्यात दीर्घकाळ हवा न लागलेली फिगर चिकट होते. तो पृष्ठभागावर आलेला प्लास्टिसायझर असतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण यांनी ती हलक्या हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी.

सर्वांत खात्रीचा उपाय आधाराचाच आहे. अ‍ॅक्रिलिकची तीन-चार मिलिमीटर जाडीची पारदर्शक कांडी नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे विचारून पाहावी. ती कललेल्या बाजूने, कमरेच्या किंवा जड केसांच्या खाली टेकवावी आणि टोकाला सुती कापडाचा लहान तुकडा लावावा. थर्मोकोलचा तुकडा मात्र टेकू म्हणून कधीही लावू नये, कारण पीव्हीसीतला प्लास्टिसायझर त्यात उतरतो आणि थर्मोकोल वितळल्यासारखा होऊन फिगरला चिकटून बसतो. कांडीने फिगरला ढकलायचे नाही, केवळ स्पर्श करायचा. ती बसवली, की ओळंब्याचा फोटो पुन्हा काढून ठेवावा, आणि मार्च ते जून या काळात दर महिन्याला त्याच जागेवरून नवा फोटो काढून त्याच्याशी ताडून पाहावा.