ज्वेलवीड : लावायचं कसं, आवरायचं कसं

अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व भागात ओढ्याकाठी, ओल्या सावलीत आपोआप उगवणारं ज्वेलवीड म्हणजे आपल्या तेरड्याचं सख्खं भावंड. नारिंगी फुलावर तांबडे ठिपके, मागे आकडीसारखी वळलेली शेपटी आणि हात लागताच फुटणारी बोंडं. बरेच जण तण म्हणून उपटतात. पण अंगणात हमिंगबर्ड यावा असं वाटत असेल तर याच्याइतकं स्वस्त झाड नाही.

सगळी गोम बियांत आहे. हे बी सुकलं की मरतं, म्हणून पाकिटातलं कोरडं बी बहुतेक वाया जातं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुगलेल्या बोंडाभोवती आधी मूठ मिटायची, मग दाबायचं. उलटं केलंत तर बी भलतीकडेच उडतं. तपकिरी बी लगेच ओल्या मातीवर टाकून बोटाने दाबा, वर पानगळीचा पातळ थर द्या. थंडीत मुरल्याशिवाय ते रुजत नाही, ते काम बर्फ करतो. वसंतात पेरायचं असेल तर बी ओल्या वाळूत, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास हिवाळाभर ठेवा. फ्रीझरमध्ये नको.

रोपं एप्रिलच्या सुमारास दाट उगवतात. २५-३० सेंटीमीटर अंतर ठेवून बाकीची काढा. हलवायची तर बीजपानांनंतरची दोन खरी पानं आल्यावर, ढगाळ दिवशी, मातीच्या गड्ड्यासकट. मोठं रोप सहसा जगत नाही. खताची गरज नाही, पाण्याची मात्र आहे. मुळं उथळ आणि खोड रसाळ असल्याने दुपारच्या उन्हात माना पडतात. संध्याकाळपर्यंत सावरल्या नाहीत तर माती कोरडी पडली आहे असं समजा. हरणं शेंडे खातात, तिथे जाळी लावा.

नकोसं झालं तर फुलं येण्याआधी, जूनमध्ये, पावसानंतर उपटा. मुळासकट सहज येतं. नुसतं कापू नका, खालून फुटवे येतात. शिवाय फुलंच आली नाहीत असं वाटलं तरी फसू नका: पानांच्या बेचक्यात न उमलणारी बारीक फुलं असतात, ती स्वतःच फळतात आणि भरपूर बी देतात. मातीत बी वर्षानुवर्षं टिकत नाही, त्यामुळे सलग दोन-तीन उन्हाळे नेमाने उपटलं की जागा मोकळी होते. उपटलेली झाडं ओल्या जमिनीवर टाकू नका, पेरांना मुळं फुटू शकतात.

पॉयझन आयव्ही या खाजऱ्या वेलीचा स्पर्श होऊन अंगावर पुरळ उठलं की ज्वेलवीडचा रस चोळतात. त्याच्या भरवशावर राहू नका. वेलीचा स्पर्श झाल्यावर त्वचा लगेच साबणाने धुणं जास्त खात्रीचं.