छोट्या गाडीचं इंजिन मित्रांसोबत बांधताय? या चुका टाळा

जुनी मारुती ८०० स्वस्तात हाती लागते, तीन-चार दोस्त जमतात आणि कुणाच्या तरी शेडमध्ये इंजिन उतरतं. सोलापुरात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुठे ना कुठे चालू असतं, आणि मला ते मनापासून आवडतं. ७९६ सीसीचं हे तीन सिलेंडरचं इंजिन शिकायला फार चांगलं. दोघातिघांना उचलता येतं, सामान सहज मिळतं, डोकं चालवलं तर आतलं सगळं समजतं. पण पोरं बदलली तरी चुका त्याच होतात, आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: "आज संध्याकाळी स्टार्ट करायचंच."

होनिंगनंतर बोअर नुसता पुसणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. लेथवाल्याकडून बोअर-होन होऊन ब्लॉक येतो, म्हणजे सिलेंडरचं भोक (बोअर) थोडं मोठं करून आतून दगडाने घासलेलं असतं. आत तिरप्या रेषांची सुरेख जाळी दिसते. पोरं पेट्रोलचा बोळा फिरवतात, "चकाचक झालं की ओ काका" म्हणतात आणि पिस्टन टाकायला घेतात.

पेट्रोलने फक्त तेलकटपणा जातो. होनिंगच्या दगडाची पूड त्या रेषांमध्ये तशीच राहते. अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये मी एका पोराला पांढऱ्या सुती फडक्यावर इंजिन ऑइल घेऊन बोअर पुसायला लावला. फडकं राखाडी निघालं. "पुन्हा धुवा" म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जायचा बेत ठरलेला, त्यामुळे कुणी ऐकलं नाही. रात्री इंजिन बांधलं, सकाळी निघाले. घाटात मागून निळा धूर. परत आले तेव्हा डिपस्टिकच्या टोकालाही ऑइल लागत नव्हतं. हेड (ब्लॉकवरचं झाकण) उघडलं तर तिन्ही बोअरमध्ये उभे ओरखडे, नखाला अडकतील असे, आणि पिस्टनवरच्या नव्या रिंगांच्या कडा घासून पात्यासारख्या झालेल्या. बोअर आधीच ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझला गेलेला होता, आणखी मोठा करायला जागा नव्हती, म्हणून स्लीव्ह (आत बसवायच्या नव्या नळ्या) माराव्या लागल्या. साबणाच्या पाण्याचं काम टाळलं आणि गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च बसला.

माझी सवय सांगतो. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन बोअर घासायचा. क्रँककेस आणि ऑइलची भोकंही बाटली धुण्याच्या बारीक ब्रशने घासायची. मग हवा मारायची आणि लगेच ऑइलचं फडकं फिरवायचं, नाहीतर उघड्या बिडावर बघता बघता गंज धरतो. फडकं पांढरं निघेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. दुपार गेली तरी चालेल. ब्लॉक रात्रभर ठेवायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. आपल्याकडच्या उन्हाळी वाऱ्याने उघड्या शेडमध्ये धूळ कुठेही जाऊन बसते.

सीलंटचा थर

ऑइल पॅनला बोटभर जाड सीलंट लावला म्हणजे गळणार नाही, हा समज काढून टाका. बोल्ट आवळले की जादाचा सीलंट बाहेर येतो तसा आतही जातो. तो सुकून तुटतो, पॅनमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर चिकटतो. मग प्रेशर पडतं आणि बेअरिंगचे शेल जातात. दोन्ही फेस घासून कोरडे करा, बारीक रेघ ओढा, बस्स. हेड गॅस्केटला तर सीलंट लावूच नका.

रिंगांचा गॅप न मोजणं

"कंपनीच्या रिंगा आहेत, मोजायचं काय?" मोजायचंच. रिंग बोअरमध्ये टाका, पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने सरळ खाली ढकला आणि फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून रिंगेच्या तोंडातली फट मोजा. माप मॅन्युअलमधलं पाहा, कुणाच्या तोंडचं नको. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला, आणि तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत.

टोप्या आणि बोल्ट

कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) टोप्यांची अदलाबदल करू नका; उघडण्याआधीच प्रत्येकीवर नंबर टाका. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. नसेल तर कुणाकडून उसना आणा. हाताचा अंदाज अनुभवी मिस्त्रीला शोभतो, पहिलं इंजिन बांधणाऱ्याला नाही.

टायमिंग बेल्ट जुना परत घालू नका.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको. आपल्याकडचं पाणी जड, आत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

आधी मॉडिफाय, मग दुरुस्ती

ताकद वाढवायची म्हणून हेड घासून घ्यायची फार घाई असते. हेड पातळ झालं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि पारा चाळिशीपार गेलेल्या मे महिन्यात चढाला इंजिन आतून ठकठक ठोकायला लागतं. शिवाय कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्येच असल्यामुळे तो खाली येतो आणि व्हॉल्व्हचं टायमिंगही सरकतं. हेड सपाट करण्यापुरतंच फेसिंग करा.

कॅम हातग्राइंडरवर घासणारे पाहिले की जीव तुटतो. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी कंपनी आपल्याच गावात आहे, इथले कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत जातात. एमआयडीसीत कामाला असलेल्या कुणालाही विचारा, कॅमवरचा उंचवटा (लोब) किती काटेकोर मापात घासला जातो ते. वरचा कडक थर गेला की कॅम फार दिवस टिकत नाही.

कार्बोरेटरचा जेट मोठा करणं, सायलेन्सर मोकळा करणं हे सगळं मूळ मापातलं इंजिन दोन-तीन हजार किलोमीटर बिनतक्रार चालल्यावर बघा. तोवर नवीन आवाज आला तर तो बांधणीतला की बदलातला, हे कळायला मार्ग उरत नाही. इंजिनच दुसरं बसवणार असाल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, आरसीवरचा नंबर जुळला पाहिजे.

पहिला स्टार्ट

प्लग काढा, इग्निशनची वायर सोडवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवा, मध्ये थांबत थांबत. मग प्लग लावून स्टार्ट करा. तासभर आयडलवर घुरघुरत ठेवू नका, त्याने रिंगा बसत नाहीत. गळती पाहून झाली की होटगी रोडला न्या, वेग कमी-जास्त करत चालवा, रेस दाबून धरू नका. पहिलं ऑइल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरच्या आतच बदला, आणि काढलेलं ऑइल टाकून देण्याआधी लोखंडाचा चुरा आहे का बघायला त्यात लोहचुंबक फिरवा.