बंदुकीचं कपाट केलंत? मग या चुका टाळा

आमच्या वाडीत शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या तीन-चार बंदुका अजून आहेत. त्यातली एक बाराबोर आमच्या घरी. आजोबांच्या वेळी ती माजघरात खुंटीला टांगलेली असायची आणि काडतुसं फळीवरच्या जुन्या मोदकपात्रात. आता तसं चालत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांपासून परवान्याच्या अर्जासोबत बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, त्यामुळे बहुतेकांनी लोखंडी कपाट करून घेतलंय. कपाट भिंतीला लागलं की माणूस निर्धास्त होतो, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक मापाची. साड्यांच्या कपाटाच्या लॉकरमध्ये बंदूक मावत नाही, म्हणून ती हँगरच्या कप्प्यात तिरकी उभी केली जाते. ३० इंच नळीची बाराबोर दस्त्यासकट ४६-४७ इंच भरते. आतली उंची किमान ५० इंच हवी, वर चार बोटं मोकळी राहिली तर उत्तम. फॅब्रिकेटरकडे माप द्यायला बंदूक घेऊन जाऊ नका, त्याच्याकडे ठेवून तर मुळीच येऊ नका. पुठ्ठ्यावर बंदूक आडवी ठेवून पेन्सिलीने तिचा आकार काढायचा, कापायचा आणि तो पुठ्ठा न्यायचा. मी तसंच केलं. पुठ्ठ्याची बंदूक काखेत मारून एसटीत चढलो तेव्हा कंडक्टरने तिकीट अर्धं की पूर्ण विचारलं, तेवढंच.

पत्र्याच्या बाबतीत मागे हटू नका. घरगुती कपाटाचा पत्रा साधारण २० ते २२ गेजचा असतो, पहारीने दार सहज वाकतं. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटांसाठी जे मानक आहे त्यात २ मिलिमीटर जाडी धरलेली आहे. आपल्याकडच्या फॅब्रिकेटरला '१४ गेज' म्हटलं की कळतं; गेजचा आकडा कमी, तितका पत्रा जाड. बिजागऱ्या आतून घ्यायला सांगा.

भिंत मात्र सगळेच विसरतात. रिकामं कपाट दोन माणसं उचलून टेम्पोत टाकू शकतात, म्हणून ते बोल्टने आवळायचं. पण आपली भिंत जांभ्या चिऱ्याची. चिरा भुसभुशीत, सच्छिद्र. साधा फुगणारा फास्टनर त्यात आवळत गेलं की भोकच मोठं होत जातं. आज घट्ट वाटतो, दुसऱ्या पावसाळ्यात हाताने हलतो. यावर दोन उपाय. भिंतीच्या आरपार लांब बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावायची, किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात बोल्ट पक्का चिकटवणारं रसायन, भरायचा. चार इंची विटेच्या पार्टिशनला कपाट टांगायचा विचारही नको. आणि पावसाचा मारा लागणारी बाहेरची भिंत किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा.

आता ओलावा. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण चोर आमच्याकडे अजून आलेला नाही, पण जुलै दरवर्षी येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बंदूक गवसणीत घालून कपाटात ठेवणं. चामडं आणि फोम ओल धरून ठेवतात. गवसणी वरून कोरडी ठणठणीत, आत नळीवर नारिंगी ठिपके. गवसणी फक्त प्रवासापुरती. कपाटात बंदूक उघडीच उभी करायची, नळी टेकते तिथे खाच करून नमदा लावायचा.

दुसरी चूक तेलाची. आमच्याकडे सगळ्याला खोबरेल. ते जुनं झालं की चिकट होतं, थंडीत गोठतं, आणि घोड्याच्या यंत्रात गेलं की सगळं जड चालू लागतं. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल बरं. तेही फडक्याला लावून पुसण्यापुरतं. भरपूर तेल लावून बंदूक उभी ठेवली की ते ओघळत यंत्रातून दस्त्याच्या लाकडात उतरतं. जुन्या बंदुकांचं लाकूड तिथे काळं आणि मऊ पडलेलं दिसतं ते यामुळेच. तेल दिल्यावर पहिली रात्र तरी नळीचं तोंड खाली करून ठेवा. आणि शेवटचं पुसणं कपाटात ठेवतानाच करा, कारण घामेजलेल्या बोटांचे ठसे चार-आठ दिवसांत जसेच्या तसे गंजून उमटतात.

सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरी गंज येतो, अशी तक्रार हमखास ऐकू येते. दाराच्या फटीतून हवा खेळत असेल तर त्या पुड्या अख्ख्या कोकणाची हवा सुकवायला बसल्यात असं समजा. आधी दाराला रबरी पट्टी लावा, मग पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. तापवले की पुन्हा निळे होतात. पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा, विषारी असतो. वेगळा पत्र्याचा ट्रे ठेवा. फटी बुजवता येत नसतील तर आत ऊब देणारी छोटी विजेची दांडी मिळते, ती तळाशी लावा. पूर्वी लोक १५ वॅटचा बल्ब लावायचे. त्याच्या जागी एलईडी लावून काही उपयोग नाही, त्याला ऊबच नसते. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवला तर अंदाजाने बोलावं लागत नाही. काटा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की लाकूडही खूश, लोखंडही.

ठिपके आलेच, तर पॉलिश पेपर घासू नका. नळीचा काळा-निळा मुलामा जातो आणि मग ती दुप्पट वेगाने गंजते. अगदी बारीक, चार शून्य (0000) नंबरची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. नळीच्या आत खड्डे दिसत असतील तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय बार काढू नका. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की तीही सरळ कपाटात नको. पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहायचा, नळीत डोळा घालायचा, पुसायची, मग आत.

भरलेली बंदूक कपाटात जाणं ही चूक कुणी कबूल करत नाही, पण होते. रात्री रानडुकरांच्या मागे गेलेला माणूस पहाटे पेंगत परत येतो, तेव्हाच. बंदूक बिजागरीवर मोडून उघडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार पाहायचा, अंधार असेल तर बोट घालायचं. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीत उजेड दिसतच नाही. तिच्यासाठी गज. नळी रिकामी असल्याची खात्री असताना गज तळापर्यंत घालून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवा. पुढे कधीही गज त्या खुणेपर्यंत गेला नाही, तर आत बार आहे.

काडतुसं वेगळ्या कुलपात. त्याच कपाटात कप्पा केला तरी त्याची किल्ली निराळी. कागदी पुंगळीची जुनी काडतुसं ओलीने फुगतात आणि नळीत अडकतात. ती ठोकून बसवू नका, बाजूला काढा.

किल्ली देवाच्या फोटोमागे आहे हे घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. ती परवानाधारकाच्या कमरेला किंवा आकड्यांच्या कुलपाच्या वेगळ्या छोट्या पेटीत. डिजिटल कुलूप असेल तर कंपनीने दिलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला, आणि आपत्कालीन किल्ली कपाटाच्या आत ठेवण्याचा विनोद करू नका. कीपॅड वाजतो पण दार उघडत नाही, तेव्हा आधी नवे अल्कलाइन सेल घाला. तरी नाही, तर दार तळहाताने आत दाबून मूठ फिरवा. बहुतेक वेळा खिट्टीवर दाराचा भार आलेला असतो. बोटाचा ठसा घेणारं कुलूप शेतकऱ्याने घेऊच नये. भातलावणीत आमच्या बोटांना ठसे उरतात कुठे?

आणि परवानाधारक गेला तर? घरातले कपाटाला हात लावायला घाबरतात, बंदूक वर्ष-वर्ष आतच राहते. परवाना त्या माणसाचा होता, घराचा नव्हे. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, वारसाचा अर्ज त्यानंतर. म्हणून परवान्याची झेरॉक्स आणि बंदुकीचा नंबर मी कपाटात नाही, बायकोच्या फाइलमध्ये ठेवलाय, सातबाराच्या मागे.