आधी चीक पाजा, शेणाची पट्टी नंतर

झड लागली की गोठ्याची जमीन वाळत नाही, आणि म्हशी विण्याचा हंगामही नेमका हाच. रेडकू पहिल्याच आठवड्यात पांढरं-पिवळं पाणी हगायला लागतं, दोन दिवसांत डोळे खोल जातात. अशी रेडकं गेली त्या गोठ्यांत मी एकच विचारतो, चीक (व्याल्यावरचं पहिलं दाट दूध) कधी पाजला? उत्तर बहुतेक ठरलेलं: जार (वार) पडल्यावर.

जार पडायला आठ-बारा तास सहज लागतात. वासराला रोगप्रतिकारशक्ती आईच्या पोटात असताना मिळत नाही, ती चिकातूनच यावी लागते. ती शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि २४ तासांत संपते. जार पडेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. तोवर वासराच्या तोंडात जातं ते ओल्या जमिनीवरचं शेण आणि त्यातला ई. कोलाय हा जिवाणू. चीक पाजल्याने जार अडत नाही, उलट वासरू लुचलं की गर्भपिशवी आकुंचन पावते.

चीक वजनाच्या १० टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला १२ तासांच्या आत. खरवस त्यानंतर. (चार घरी खरवस पोचलेला आणि रेडकू उपाशी, हे दर हंगामात दिसतं.)

द्राक्षवाल्यांकडे ब्रिक्स (रसातली गोडी) मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतोच. त्याच्यावर चिकाचे दोन थेंब टाका. गाईच्या चिकाला २२ किंवा त्याहून जास्त आलं तर चीक चांगला. म्हशीलाही मी तोच आकडा धरतो, पण तो माझा अंदाज समजा.

आता शेण जागेवर तपासायच्या पट्ट्यांविषयी. शेण सोबतच्या द्रावणात कालवायचं, काही थेंब पट्टीवर टाकायचे, दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते. ई. कोलायच्या के-९९ जातीची रेघ पहिल्या चार-पाच दिवसांतल्या वासरात उमटली तर ती गांभीर्याने घ्या. त्यानंतरच्या वयात रोटा, कोरोना विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी जास्त सापडतात. नमुना जमिनीवरून उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून ताजं शेण घ्या, आणि तेही औषधाचा पहिला डोस देण्याआधी. बोलस (औषधाची मोठी गोळी) आधी, पट्टी नंतर, असं केलं तर तपासणीचे पैसे पाण्यात. नियंत्रण रेघ, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण, उमटली नाही तर पट्टी बाद. रोगाची रेघ नाही आली म्हणून रोग नाही असं होत नाही, आणि कोणतं प्रतिजैविक लागू पडेल हे पट्टी सांगतच नाही.

पट्टी परवडत नसेल तर लिटमस कागद लावून बघा. ई. कोलायचं पातळ शेण बहुधा अल्कधर्मी असतं, रोटाचं आम्लाकडे झुकतं. यावरून औषध ठरवू नका, डॉक्टरांना सांगायला मात्र कामी येतं.

दुकानदार पट्टीसोबत लिव्हर टॉनिक, जिवाणूंची पावडर आणि प्रतिजैविकाची पुडी गळ्यात मारतो. हगवणीत वासरू मरतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात कालवा. दोन दुधांच्या मधे एक ते दीड लिटर, दिवसातून दोन-तीनदा पाजा. दूध तोडू नका, उपाशी वासरू आणखी खचतं. प्रतिजैविक डॉक्टरांनी सांगितलं तरच.

बाकी नेहमीची कामं:
– नाळेला ७ टक्के टिंक्चर आयोडीन
– विण्याची जागा कोरडी, रोज नवा पेंढा
– आजारी वासरू वेगळं, त्याचं भांडंही वेगळं
– दहाव्या ते पंधराव्या दिवसात जंताचा पहिला डोस, रेडकाला चुकवू नका
– शेण हाताळल्यावर साबणाने हात, लहान मुलं लांब

शेणात रक्त आणि अंगात ताप असेल तर साल्मोनेला या जिवाणूचा संशय धरा. पट्टीवर ई. कोलाय आणि विषाणूच असतील तर तो त्यात दिसणार नाही, नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेतच गेला पाहिजे. मानेची चिमूट सोडल्यावर कातडी दोन सेकंदांत खाली बसत नसेल, वासरू उभं राहत नसेल किंवा चोखत नसेल, तर तोंडाने पाजत बसू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा, शिरेतून सलाईन लागेल. आणि डॉक्टर येतील तेव्हा वासरू किती वाजता जन्मलं आणि चीक किती वाजता पाजला, हे दोन्ही खरं सांगा.