लिंकांचं साटंलोटं: नेटवर्कमध्ये शिरण्याआधी काय तपासायचं आणि शिरला असाल तर बाहेर कसं पडायचं

लिंक एक्स्चेंज नेटवर्कमध्ये, म्हणजे ठरवून एकमेकांना लिंक देणाऱ्या साइटच्या गटात, सामील होऊन गुगलवरचं स्थान टिकाऊपणे वाढत नाही. कधीकधी सुरुवातीचे काही आठवडे पान वर सरकल्यासारखं दिसतं आणि तेवढ्याच स्क्रीनशॉटवर ही नेटवर्कं विकली जातात. ठाणे-नवी मुंबईतल्या दवाखान्यांना, क्लासना, कारखान्यांना असे मेसेज येत राहतात: "आमच्या ५० साइटना तुमच्या साइटवर जागा द्या, ५० साइट तुम्हाला लिंक देतील." त्यामुळे आधी आतला हिशेब समजून घेऊ.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकमध्ये, म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन ठरवणाऱ्या गुगलच्या मूळ पद्धतीत, एका पानाचं वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. एका पानावर १०० लिंका असतील तर तुमच्या वाट्याला शंभरावा हिस्सा. त्या पानाकडे बाहेरचं कोणीच बोट दाखवत नसेल तर वाटायला जवळजवळ काहीच नसतं. चार घरांनी एकच वाटी साखर आपसांत फिरवत ठेवली तर कोणाच्याच डब्यात साखर वाढत नाही, तसंच हे.

गुगलने त्यावर उपायही केले आहेत. एप्रिल २०१२ मध्ये गुगलच्या शोधप्रणालीत पेंग्विन हा बदल आला आणि बनावट लिंकांवर उभ्या असलेल्या साइट खाली गेल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य प्रणालीचाच भाग झाला. तेव्हापासून अशा लिंकांमुळे साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंका मोजायच्याच नाहीत, असं धोरण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक-स्पॅम ओळखण्यासाठी वापरली गेली. म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्कचे पैसे नुसते वाया जातात. पान आधी त्या लिंकांमुळे वर आलं असेल तर त्या निकामी होताच खाली येतं आणि ती उंची परत मिळवून देणारं कोणतंही बटण नाही. गुगलच्या माणसांनी हाताने तपासून कारवाई केली, तर मात्र खरं नुकसान होतं.

'तिरपी' अदलाबदल सुरक्षित असते, असं सांगणारे भेटतात: तुम्ही 'ब'ला लिंक द्यायची, 'ब'ने 'क'ला आणि 'क'ने तुम्हाला. गावाकडे साट्यालोट्याची लग्नं तीन घरांत फिरवली तरी कोणी कोणाला मुलगी दिली हे सगळ्या गावाला कळायचं. शेकडो साइट एकमेकींत गुंफल्या की तो गुंता यंत्रालाही तसाच दिसतो.

प्रत्येक परस्पर लिंक मात्र वाईट नसते. गुगलच्या स्पॅम धोरणात आक्षेप आहे तो अतिरेकी अदलाबदलीवर आणि केवळ लिंकांसाठी बनवलेल्या 'पार्टनर' पानांवर. पाचपाखाडीतल्या केटररने ज्या हॉलमध्ये तो नेहमी जेवण देतो त्याची लिंक दिली, हॉलने त्याची दिली, तर त्यात गैर काही नाही. लग्नघरच्या माणसाला दोन्ही पानं उपयोगाची आहेत.

नेटवर्क तपासायला अर्धा तास पुरतो

पैसे देण्याआधी साइटची यादी मागा. यादी दाखवायला नकार आला तर बोलणं तिथेच थांबवा. मिळाली तर त्यातल्या कोणत्याही दहा साइट स्वतः निवडा, त्यांनी सुचवलेल्या नकोत. प्रत्येकीवरचे शेवटचे पाच लेख वाचा. दातांच्या रूट कॅनलशेजारी झटपट कर्ज, त्याखाली ऑनलाइन जुगार आणि मग तुमचं वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं पान, अशी खिचडी दिसली तर ती साइट वाचकांसाठी नाहीच.

मग गुगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट', लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता त्या साइटचा पत्ता लिहा. एकही पान दिसलं नाही तर ती बहुधा गुगलच्या सूचीतच नाही. वेबॅक मशीन या साइटवर जुन्या पानांच्या प्रती साठवलेल्या असतात; तिथे तोच पत्ता टाकून आधी तिथे काय होतं ते पाहा. मुदत संपलेलं एखाद्या संस्थेचं डोमेन विकत घेऊन त्यावर लेख चिकटवणं ही जुनी युक्ती आहे. 'डीए ४०, डीआर ५०' अशा आकड्यांवर भाळू नका. साइटच्या वजनाचे ते मॉझ आणि एएचरेफ्स या खासगी कंपन्यांचे अंदाज आहेत, गुगल ते वापरत नाही.

सगळ्यात धोक्याची अट म्हणजे वर्डप्रेसचं अ‍ॅडमिन खातं मागणं किंवा त्यांचं प्लगइन बसवायला लावणं. त्यानंतर तुमच्या साइटवर कोणाच्या लिंका लागतील हे तुमच्या हातात राहत नाही.

आत शिरला असाल तर

पहिलं काम स्वतःच्या घरात. त्यांचं प्लगइन काढा, त्यांनी उघडलेलं खातं काढून टाका, सगळे पासवर्ड बदला. मग फूटर (पानाच्या तळाची पट्टी), विजेट (बाजूच्या चौकटी) आणि 'पार्टनर' पान तपासा. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ कोड उघडून अनोळखी पत्ते शोधा, कारण काही लिंका पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेल्या असतात. फूटरमधली लिंक साइटच्या प्रत्येक पानावर उमटते. २०० पानांच्या साइटवर ती एकच लिंक २०० ठिकाणी झाली, हे लक्षात घ्या.

नंतर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या मोफत साधनात, हाताने केलेली कारवाई दाखवणारं पान 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडा. तिथे काहीच अडचण नोंदलेली नसेल आणि कारवाईची शक्यताही दिसत नसेल, तर येणाऱ्या लिंकांच्या मागे लागू नका. घाबरून डिसअव्हाऊ फाइल (या लिंका मोजू नका, असं गुगलला सांगणारी यादी) चढवणं ही इथली नेहमीची चूक आहे. त्यात चांगल्या लिंकाही कापल्या जातात.

कारवाई झालीच असेल तर 'लिंक्स' अहवालातून ताज्या लिंकांची यादी उतरवून घ्या आणि नेटवर्कमध्ये शिरल्याच्या तारखेनंतरच्या नोंदी वेगळ्या करा. त्या साइटना लिंक काढण्यासाठी ईमेल पाठवा. कोणाला कधी लिहिलं, काय उत्तर आलं, हे एका शीटमध्ये ठेवा. ज्या निघाल्या नाहीत त्यांचीच डिसअव्हाऊ फाइल करा: साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एकच नोंद. पूर्ण साइट नाकारायची तर इंग्रजी 'डोमेन' शब्द, कोलन आणि लगेच पत्ता. मर्यादा २ एमबी आणि १,००,००० ओळींची आहे. सर्च कन्सोलमध्ये तुमची नोंद 'डोमेन' प्रकारची असेल तर हे साधन चालत नाही, 'यूआरएल प्रीफिक्स' प्रकारची नोंद लागते. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, म्हणून जुन्या ओळीही नव्या फाइलमध्ये घ्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

शेवटी सर्च कन्सोलमधूनच गुगलला फेरविचाराची विनंती. त्यात नेमकं काय चुकलं, काय काढलं आणि आता स्थिती काय आहे, एवढंच लिहा आणि शीटची लिंक द्या. लिंकांच्या प्रकरणात उत्तराला वेळ लागतो. ते येईपर्यंत पुन्हा विनंती पाठवू नका.

तोच वेळ कुठे घालवायचा

'घणसोलीत एसी दुरुस्ती' अशा शोधात गुगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: मागणीशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. म्हणून गुगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या नोंदीत, म्हणजे बिझनेस प्रोफाइलमध्ये, योग्य वर्ग निवडा आणि सेक्टर, प्लॉट क्रमांकासकट पत्ता साइटवर आहे तसाच ठेवा. एकीकडे 'सेक्टर १७', दुसरीकडे 'वाशी स्टेशनजवळ' असं नको.

वागळे इस्टेट, रबाळे किंवा महापेत कारखाना असेल तर ज्यांचा माल विकता त्यांच्या 'अधिकृत विक्रेते' पानावर नाव आहे का पाहा, नसेल तर विक्री प्रतिनिधीला सांगा. उद्योग संघटनेचे सभासद असाल आणि तिची ऑनलाइन यादी असेल तर तिथली नोंद तपासा. गणेशोत्सव मंडळाला किंवा धावण्याच्या स्पर्धेला वर्गणी देऊन लिंक मिळाली तर त्यांच्या वेबमास्टरला तिच्यावर 'स्पॉन्सर्ड' खूण लावायला सांगा. ही खूण सप्टेंबर २०१९ पासून आहे. तिच्यामुळे ती लिंक जाहिरात म्हणून प्रामाणिकपणे नोंदली जाते.

आणि एक पान असं लिहा की जे दुसऱ्याला दाखवावंसं वाटेल. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याने घोडबंदर रस्त्याच्या संकुलांत सामान हलवण्याचे नियम एकत्र करावेत: सोसायटीचं ना-हरकत पत्र, लिफ्टचं भाडं, रविवारी परवानगी आहे का, अवजड वाहनांना बंदीच्या वेळा. वाहतूक पोलिसांची नवी अधिसूचना आली की त्याच दिवशी पान बदलायचं आणि वर तारीख टाकायची. असं पान सोसायटीचे सचिव स्वतःहून ग्रुपवर टाकतात. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात फक्त त्या पानाची गाळणी लावा आणि आधीच्या तीन महिन्यांशी तुलना करून कोणत्या शोधांवरून लोक आले ते पाहा. त्यातला जो प्रश्न पानावर सुटलेला नाही, तो पुढच्या दुरुस्तीत घ्या.