संस्थेचं जुनं दप्तर स्कॅन करताय? आधी तारखा नीट लावा

वाचनालय असो, शाळा असो की पतपेढी, जुनी इतिवृत्तं, दाखल-खारीज रजिस्टरं, देणगीच्या वह्या स्कॅन करायला निघालात की जो तो आधी स्कॅनर कुठला घ्यायचा तेच सांगत सुटतो. स्कॅनिंग सोपं आहे. 400 डीपीआय (दर इंचाला 400 ठिपके), रंगीत, मूळ फाइल टिफमधे (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारा फाइल-प्रकार), वाचायला पीडीएफ वेगळी. शिवण उसवून पानं सुटी करा असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा, बांधीव वही कॅमेऱ्याने वरून घ्या.

खरी गोची होते ती नावं आणि तारखा लावताना, मी इथेच सगळ्यात जास्त अडकलो. 'स्कॅन001' अशा हजारो फाइली म्हणजे दप्तर हरवल्यातच जमा! फाइलच्या नावात आधी इसवी सन, मग महिना, मग वही क्रमांक आणि पान, सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, कारण देवनागरी नावं एका कॉम्प्युटरवरून दुसरीकडे नेताना कधीकधी बिघडतात.

आता जुन्या कागदावर शक असेल तर त्यावरून इसवी सन काढायचा कसा? शकात 78 मिळवा असं सगळे सांगतात, पण ते डिसेंबरपर्यंतच. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवायचे, म्हणजे शके 1820 चा वैशाख 1898 मधे येतो आणि माघ 1899 मधे. हे चुकलं की सभेचा ठराव एक वर्ष मागे जातो आणि पुढची सगळी संगती बिघडते. मोडी कागदात फसली किंवा सुहूर सन (जुन्या कारभारातल्या कालगणना) असेल तर अनुक्रमे 590 आणि 599 मिळवा, ती वर्षं मृगाला सुरू होतात म्हणून जानेवारीनंतर तिथेही एक वाढवा. आणि कागदावरची मूळ तारीख एक्सेलमधे वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी लिहाच, ती कधीही पुसू नका, उद्या हिशोब तपासायचा तर तोच एक पुरावा. मोडीसाठी ओसीआरच्या (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) भरवशावर राहू नका, जाणकार वाचकाला मानधन देऊन बसवा, ही माणसं कमी होत चाललीत, त्यामुळे हे काम आत्ताच करायला हवं.

श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेले जुने अहवाल युनिकोडमधे करून घ्या, म्हणजे ते कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतील.

शेवटी तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. 2019 च्या पुरात सांगलीत वाचनालयातली पुस्तकं भिजली, कपाटाशेजारी ठेवलेली हार्डडिस्क अशा वेळी काय वाचणार? सीडीवर विसंबू नका आणि दरवर्षी फाइली उघडून बघा.