या चुका टाळा: मॅस्टोडॉनवरचा फिल्टर ‘गंमत’ का गिळतो?

पुण्यात महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. मॅस्टोडॉन हे अनेक सर्व्हरांवर चालणारं सोशल नेटवर्क उघडलं की प्रचाराशिवाय काही दिसेना. मी व्हायोलंटमंकी या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये छोटी यूजरस्क्रिप्ट (वेबपानावर आपलं काम करणारा जावास्क्रिप्ट कोड) लिहिली: पोस्टमध्ये ‘मत’ आलं की ती लपव. दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन. “मंडईतल्या भावांवर एवढं लिहिलं, वाचलं नाहीस?” तिच्या पोस्टमध्ये ‘किंमत’ होती. किंमत, गंमत, हिंमत, सगळ्यांच्या पोटात ‘मत’ आहे.

यावर उपाय म्हणून बरेच जण रेगेक्समध्ये (मजकूर शोधायच्या नमुन्यात) शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी ही शब्दाच्या हद्दीची खूण लावतात. तिथे तर फिल्टर पारच बंद पडतो. जावास्क्रिप्ट त्या खुणेसाठी फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर जमेस धरते. देवनागरी शब्दाची हद्द तिला दिसतच नाही. त्याऐवजी रेगेक्सला यू फ्लॅग (युनिकोड ओळखायला लावणारी खूण) लावा आणि शब्दाच्या मागेपुढे युनिकोडचं अक्षर नसावं अशी अट घाला. अटीत युनिकोडच्या एल (अक्षरं) गटाबरोबर एम (जोडचिन्हं) गटही हवाच. मात्रा आणि अनुस्वार एम गटात येतात. तो राहिला तर ‘गं’वरच्या अनुस्वारापाशी शब्द तुटला असं धरलं जातं आणि ‘गंमत’ पुन्हा गायब!

मग उलटी अडचण येते, विभक्तीची. ‘निवडणूक’ दिलंत तर ‘निवडणुकीत’ सुटतं, कारण उकार ऱ्हस्व झाला. नुसतं ‘निवडण’ ठेवलंत तर कुणाचं ‘मेथी निवडणं’ही जातं. ‘निवडण’, मग ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार, मग ‘क’ असा नमुना द्या आणि शेवट मोकळा ठेवा. ‘मतदान’, ‘मतदार’ वेगळे लिहा. ‘पुढाऱ्यांनी’सारख्या शब्दात तर ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरं सांधणारं शून्य रुंदीचं चिन्ह) जोडून. डोळ्यांना फरक कळत नाही, स्क्रिप्टला कळतो. दोन्ही रूपं द्या.

स्क्रिप्ट कोणत्या पानांवर चालावी हे सांगणाऱ्या मॅचच्या ओळीत आपल्याच सर्व्हरचा पत्ता हवा. दुसरीकडच्या पोस्ट अ‍ॅक्टिव्हिटीपबमधून (सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती पद्धत) आपल्या सर्व्हरवर येतात आणि त्याच पत्त्यावर दिसतात. परका सर्व्हर गाळायचा असेल तर हँडलचा शेवटचा भाग, म्हणजे सर्व्हरचं नाव, तपासा.

स्क्रोल केल्यावर फिल्टर थांबतो? पान उघडताना एकदाच तपासलं की असं होतं; पानात नवं काही आलं की कळवणारा म्यूटेशनऑब्झर्व्हर वापरा. पोस्ट डॉममधून (पानाच्या घटकांच्या रचनेतून) उपटू मात्र नका. मॅस्टोडॉनचं पान रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालतं, त्याला आपला घटक जागेवर सापडला नाही तर पान कोसळू शकतं. सीएसएसने (पानाच्या दिसण्याच्या नियमांनी) झाका.

क्रोमवर टॅम्परमंकी (व्हायोलंटमंकीसारखंच दुसरं एक्स्टेन्शन) मुळीच चालत नसेल तर एक्स्टेन्शनच्या तपशिलात यूजरस्क्रिप्टची परवानगी पाहा. फोनच्या अ‍ॅपमध्ये स्क्रिप्ट चालत नाही. तिथे मॅस्टोडॉनच्या सेटिंगमधले फिल्टर वापरा. आणि नवा शब्द घातला की पहिला आठवडा पोस्ट लपवण्याऐवजी नुसती फिकी करा. मैत्रिणीची पोस्ट मला तेव्हाच दिसली असती.